नगरचीं दोन व्याख्यानें आणि युक्तिवादाची बांधणी

अहमदनगर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो तेथला किल्ला. चांदबिबीनें मोंगलांशीं झुंज दिली ती या किल्ल्यांतून, आणि पंडित जवाहरलाल नेहरूंनीं भारताच्या इतिहासावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १९४४ सालीं लिहिला तोहि याच किल्ल्यांतील बंदिवासांत. मलिक अहमदानें १४९४ सालीं वसविलेल्या या शहराचें नांव आतां सरकारदप्तरीं अहिल्यानगर असें झालें आहे. परंतु आज मी आपणांपुढें बोलणार आहें तें किल्ल्याविषयीं नव्हे. नगरच्या इतिहासांत तटबंदीइतकीच विचारपूर्वक रचलेली आणखी एक वस्तु आहे, आणि ती शब्दांची आहे.

१९१६ सालच्या उन्हाळ्यांत, ३१ मे आणि १ जून या लागोपाठच्या दोन दिवशीं, लोकमान्य टिळकांनीं नगरांत दोन व्याख्यानें दिलीं. विषय एकच, स्वराज्य. सभेंतील भाषणें पोलिसांच्या लघुलेखकांनीं टिपून घेतलीं, त्यांचें इंग्रजींत भाषांतर झालें, आणि जे शब्द हवेंत विरून जावयाचे ते कागदावर उतरून न्यायाधीशांच्या मेजावर गेले. तो कागद एका साठ वर्षांच्या माणसाला पुन्हां तुरुंगाच्या दाराशीं नेण्यास पुरेसा आहे कीं नाहीं, असा प्रश्न मग उभा राहिला. त्या खटल्याची राजकीय हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्यांतून निराळी गोष्ट काढावयाची आहे. दुसऱ्याला पटवून देण्यासाठीं जें लिहावयाचें त्याची बांधणी कशी असावी, याचा याहून चांगला धडा मराठींत मला तरी दुसरीकडे सांपडलेला नाहीं.

प्रथम थोडें मागें जाऊं. टिळकांना आपल्या शब्दांची किंमत पूर्वींहि मोजावी लागली होती. १८९७ सालीं 'केसरी'तील मजकुराबद्दल त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ सालीं मुझफरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून त्यांच्यावर पुन्हां राजद्रोहाचा खटला झाला. सरकारच्या दडपशाहीनेंच माथेफिरू माणसें निपजतात, तेव्हां दडपशाही वाढविणें हा त्यावरचा टिकाऊ उपाय नव्हे, असा त्या लेखांचा रोख होता. परंतु उच्च न्यायालयापुढें ज्यूरीनें वाचलें तें मूळ मराठी नव्हे, तर सरकारी भाषांतरकारांचें इंग्रजी. टिळकांनीं स्वतः एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण करून आपल्या शब्दांचा अर्थ समजावून सांगितला. कोणत्या मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द लावणें अन्यायाचें आहे तें एकेक करून दाखविलें. नऊ जणांच्या ज्यूरींत सात जणांनीं त्यांना दोषी ठरविलें, दोघांनीं निर्दोषी. सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेस गेले, ते १९१४ च्या जूनमध्यें परत आले.

मंडालेच्या त्या कोठडींत त्यांच्या मनांत काय काय आलें असेल हें सांगणारा मी कोण? पण त्यांनीं तेथें काय लिहिलें तें आपल्यापुढें आहे. १९१०-११ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं 'गीतारहस्य' पेन्सिलीनें लिहून काढलें, व १९१५ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें. या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणांत एखाद्या ग्रंथाचें तात्पर्य कसें ठरवावें याचा विचार आला आहे. त्यासाठीं टिळकांनीं आपल्या जुन्या मीमांसकांच्या कसोट्या पुढें मांडल्या. ग्रंथाचा उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, एकमेकांशीं जुळतात काय हें पाहावें. कोणती गोष्ट पुनःपुन्हां सांगितली आहे तें पाहावें. याला अभ्यास म्हणतात. नवीन असें काय सांगितलें आहे, म्हणजे अपूर्वता कोणती, तें पाहावें. त्या उपदेशाचें फल काय झालें तें पाहावें. स्तुतीसाठीं अगर दाखल्यासाठीं प्रसंगानें आलेला मजकूर कोणता, म्हणजे अर्थवाद कोणता, तो बाजूला काढावा. आणि शेवटीं सिद्ध करावयाच्या गोष्टीस अनुकूल अशी प्रमाणांची जुळणी, म्हणजे उपपत्ति, कशी केली आहे तें तपासावें. आपल्या लेखांतील सुटे शब्द उपटून तोलले गेले अशी ज्यांची तक्रार होती, त्या पुरुषाला समग्र वाचनाचा हा नियम किती मोलाचा वाटला असेल!

या कसोट्या वाचकासाठीं सांगितल्या आहेत. पण त्या उलट्या फिरवून पाहा, म्हणजे त्याच लेखकासाठीं नियम होतात. ज्या कसोटीनें तात्पर्य काढावयाचें, त्याच कसोटीला उतरेल असें लिहावें, म्हणजे विरुद्ध पक्षाच्या माणसालाहि निराळें तात्पर्य काढणें अवघड जातें. नगरचीं व्याख्यानें मला या दृष्टीनें महत्त्वाचीं वाटतात.

या व्याख्यानांची मालिका नगरच्या आधीं एक महिना बेळगांवास सुरू झाली होती. २८ एप्रिल १९१६ रोजीं तेथें होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा हे अध्यक्ष व न. चिं. केळकर हे चिटणीस झाले. १ मे रोजीं टिळकांचें तेथें भाषण झालें, आणि मग महिनाअखेरीस ते नगरास आले. पुढें सरकारनें बेळगांवचें एक आणि नगरचीं दोन अशीं तीनहि भाषणें एकत्र पुरावा म्हणून घेतलीं, म्हणून आपणहि तीं एकत्रच पाहूं.

पहिली गोष्ट दिसते ती ही कीं, टिळक प्रश्न आधीं लहान करून घेतात. स्वराज्य हा शब्द उच्चारतांच ऐकणाऱ्याच्या मनांत शंभर कल्पना उठतात, आणि त्यांतील नव्वद वक्त्याच्या नसतात. तेव्हां आपलें म्हणणें काय नाहीं हें ते प्रथम सांगून टाकतात. राज्य असावें कीं नसावें हा वाद नाहीं, राज्य हवेंच. बादशहाला दूर करावें असेंहि म्हणणें नाहीं. मग राहिलें काय? आमच्या घरचा कारभार कोणाच्या हातीं असावा, एवढाच प्रश्न. येथें ते वेदांतांतील एक भेद उपयोगांत आणतात. अव्यक्त ब्रह्म निराळें आणि मायेनें दिसणारें त्याचें व्यक्त रूप निराळें. त्याप्रमाणें सरकार ही न दिसणारी सत्ता एक, आणि कलेक्टर, कमिशनर वगैरे रूपानें डोळ्यांना दिसणारें सरकार दुसरें. पहिलें टिकणारें, दुसरें बदलतां येण्याजोगें. देव तोच ठेवून पुजारी बदलावा, अशा धर्तीचा दाखलाहि या मालिकेंत येतो. कीर्तनाची संवय असलेल्या श्रोत्यांना हा भेद समजावून सांगण्यासाठीं इंग्रजी राज्यघटनेचीं पुस्तकें उघडावीं लागलीं नाहींत.

आणि नगरच्या श्रोत्यांना अशा बोलण्याची संवय होतीच. ज्ञानेश्वरी जेथें सांगितली गेली तें नेवासें याच जिल्ह्यांतलें. अमेरिकन मिशनऱ्यांचा 'ज्ञानोदय' १८४२ सालीं निघाला तोहि नगरांतूनच. धर्मावरचा वाद छापील कागदावर कसा चालतो हें या शहरानें महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवांच्या आधीं पाहिलें होतें. कीर्तनकार पूर्वरंगांत एक पद घेऊन त्याचा अर्थ लावतो, उत्तररंगांत आख्यान सांगतो, आणि शेवटीं पुन्हां त्याच पदावर येऊन थांबतो. युक्तिवादाचा हा साचा आपल्या लोकांच्या कानांत शतकानुशतकें बसलेला आहे. टिळकांनीं तो मोडला नाहीं. त्यांत नवा मजकूर भरला.

दुसरी गोष्ट व्याख्येची. पहिल्या नगरच्या व्याख्यानांतील सर्वांत प्रसिद्ध भाग परकेपणाविषयीं आहे. परका कोणाला म्हणावें? टिळक एकेक खोटें लक्षण घेऊन तें बाजूस सारीत जातात. कातडीचा रंग गोरा कीं काळा यावर परकेपणा ठरत नाहीं. धर्मावर ठरत नाहीं. धंद्यावरहि ठरत नाहीं. एखादा माणूस माझ्याबरोबर एका देवळांत येणार नाहीं, त्याचा माझा रोटीबेटीव्यवहार होणार नाहीं. तरी तेवढ्यानें तो परका होत नाहीं. ज्या देशांत आपणांस राहावयाचें, आपल्या मुलांबाळांस राहावयाचें, त्या देशाचें कल्याण व्हावें अशी व्यवस्था जो करूं पाहतो, तो परका नव्हे. परकेपणा हितसंबंधावर ठरतो.

हें बोलणें कोठें चाललें होतें तें ध्यानांत आणा. निजामशाहीच्या राजधानींत! तटबंदी, मशिदी, खापरी नळांचे जुने पाणीपुरवठे, हें सारें श्रोत्यांच्या रोजच्या पाहण्यांतलें. टिळकांनीं तोच दाखला उचलला. येथें मुसलमान राजे राज्य करीत होते, आणि त्यांना मी परके म्हणत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. कारण ते येथें येऊन राहिले, आणि येथले धंदे चालावेत अशी निदान त्यांची इच्छा तरी होती. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मूळचा पाथरीकडचा ब्राह्मण होता, असें फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. ही आठवण मनांत असलेल्या श्रोत्याला तर तो दाखला अधिकच पटला असेल. व्याख्या पुस्तकांतली, पण तिचा दाखला उंबरठ्याबाहेरचा. युक्तिवाद पटतो तो अशा ठिकाणीं पटतो. पुण्यास बोलतांना हाच दाखला दिला असता तर तो खरा असूनहि इतका लागला नसता.

तिसरी गोष्ट पूर्वपक्षाची. आपल्याकडील शास्त्रकार प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं मांडतात, आणि तें दुबळें करून मांडीत नाहींत; मगच उत्तरपक्ष सांगून सिद्धान्ताला येतात. स्वराज्याविरुद्ध त्या काळीं सर्वांत वजनदार आक्षेप होता तो पात्रतेचा: तुम्ही लोक अजून कारभाराला लायक नाहीं. या आक्षेपावर रागावून बोलणें सोपें होतें. टिळकांनीं तो उचलून म्हैसूर संस्थानाच्या सीमेवर नेऊन ठेवला. म्हैसुरांत राजा हिंदी, दिवाण हिंदी, अंमलदार हिंदी. तेथला कारभार चालतो. मग सीमेच्या पलीकडचे जिल्हे पात्र आणि अलीकडचे तेच लोक अपात्र, हें कसें? आक्षेपकाला खोटें म्हटलें नाहीं, त्याच्या हेतूवर शंका घेतली नाहीं. त्याचेंच प्रमाण नकाशावर लावून दाखविलें आणि तें कोठें अडतें तें त्यालाच पाहूं दिलें.

चौथी गोष्ट, जिला मीमांसक अभ्यास म्हणतात ती. दुसऱ्या दिवशींच्या व्याख्यानांत टिळक मातृभाषेंतून शिक्षण आणि भाषावार प्रांत या विषयांकडे वळतात. इंग्रज आपल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवितात काय? जर्मन लोक इंग्रजींतून शिकवितात काय? मग मराठी मुलानें मराठींतून शिकावें या उघड गोष्टीसाठीं आम्हांस वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने कां लिहावे लागतात? श्रोता क्षणभर समजतो कीं वक्ता मूळ विषय सोडून शिक्षणाकडे गेला. पण उत्तर येतें तें पुन्हां त्याच ठिकाणीं: कारण निर्णय करण्याचा अधिकार आमच्या हातीं नाहीं. धंद्यांचा विषय काढा, शिक्षणाचा काढा, पगारांचा काढा. प्रत्येक वाट फिरून त्याच चौकांत येते. विस्तार पुष्कळ आहे, पण सिद्धान्त एकच आहे. कच्च्या लेखांत याच्या उलट प्रकार दिसतो: कारणें दहा असतात आणि तीं दहा दिशांना जातात, त्यामुळें वाचकाच्या हातीं शेवटीं एकहि राहत नाहीं.

पांचवी गोष्ट उपसंहाराची. इतकें बोलून श्रोत्यानें करावयाचें काय? संतापून घरीं जावयाचें? टिळकांची मागणी ठराविक आणि सनदशीर होती: हिंदुस्थानच्या कारभाराचा कायदा बदलून घेण्यासाठीं ब्रिटिश पार्लमेंटकडे मागणें करावयाचें, आणि त्यासाठीं लीगचें सभासद होऊन चळवळ चालवावयाची. आरंभीं जो प्रश्न लहान करून घेतला होता, त्याचेंच उत्तर शेवटीं आलें. कारभार कोणाच्या हातीं, असा उपक्रम. तो आमच्या हातीं देणारा कायदा करा, असा उपसंहार. मधला सर्व मजकूर या दोन खुंट्यांना ताणून बांधलेला.

आतां या बांधणीची परीक्षा कशी झाली तें पाहूं. २३ जुलै १९१६ हा टिळकांचा साठावा वाढदिवस. पुण्यांत समारंभ झाला, लोकांनीं त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली, आणि त्याच दिवशीं त्यांच्या हातीं सरकारी नोटीस पडली. फौजदारी कार्यपद्धतीच्या १०८ व्या कलमाखालीं, राजद्रोही मजकूर पसरविणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन कां घेऊं नये, याचें कारण दाखवा, असा तिचा आशय होता. पुण्याचे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट हॅच यांच्यापुढें चौकशी होऊन १२ ऑगस्टला हुकूम झाला: एक वर्षाच्या मुदतीचा वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकीं दहा हजारांचे दोन जामीनदार. रक्कम मोठी होती, पण खरी गोष्ट रकमेची नव्हती. हा हुकूम कायम राहता तर स्वराज्य हा विषयच वर्षभर जिभेवर आणतां आला नसता, आणि त्यांच्या मागोमाग इतरांचीहि तोंडें बंद झालीं असतीं.

टिळकांतर्फे बॅरिस्टर महंमदअल्ली जीना उभे राहिले. १९०८ सालीं टिळकांच्या जामिनाचा अर्ज ज्यांनीं चालविला होता ते हेच. मुंबई उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति बॅचलर आणि न्यायमूर्ति शहा यांच्यापुढें काम चाललें. सरकारपक्षानें भाषणांतील निवडक वाक्यें पुढें ठेवलीं. जीनांचें म्हणणें असें कीं, टीका आहे ती नोकरशाहीवर, कायद्यानें स्थापित झालेल्या सरकारवर नव्हे.

९ नोव्हेंबर १९१६ रोजीं निकाल लागला आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला. या निकालांत आपल्या विषयाच्या दृष्टीनें दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली ही कीं, न्या. बॅचलर यांनीं सुट्या वाक्यांवर निर्णय देण्याचें नाकारलें. तीनहि भाषणें पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणें, लक्षपूर्वक वाचावीं, आणि तीं कोणत्या श्रोत्यांपुढें झालीं हें ध्यानांत ठेवून त्यांचा एकंदर परिणाम ठरवावा, हाच न्याय्य मार्ग, असें त्यांनीं म्हटलें. आपण तीं तशीं अनेकदां वाचलीं हेंहि सांगितलें. कांहीं वाक्यांना सरकारपक्षानें घेतलेली हरकत त्यांनाहि योग्य वाटली. तरीहि एकंदर भाषणांचा स्वाभाविक परिणाम अप्रीति उत्पन्न करण्याचा नाहीं, आणि लोकांना राजकीय अधिकारांत वाढता वाटा मागणें हें मुळांत कायद्याविरुद्ध नाहीं, असा त्यांनीं निर्णय दिला. न्या. शहा यांचा निर्णयहि त्याच बाजूचा झाला. मंडालेच्या कैद्यानें मीमांसकांच्या ग्रंथांतून समग्र वाचनाचा जो नियम उचलून धरला, त्याच नियमाकडे एक इंग्रज न्यायाधीश इंग्रजी कायद्याच्या वाटेनें येऊन पोंचला, हा योगायोग मला मोठा मनोहर वाटतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि लेखकांनीं ती विसरूं नये. नोकरशाही निराळी व सरकार निराळें, हा भेद न्या. बॅचलर यांनीं जसाच्या तसा मान्य केला नाहीं. सरकार माणसांच्या हातूनच काम करतें, आणि मुलकी नोकरवर्ग हें त्याचें मुख्य हत्यार आहे; तेव्हां सबंध नोकरवर्गावर टीका केली तर ती सरकारला लागते कीं नाहीं, हा कायद्याचा प्रश्न नसून प्रत्यक्ष वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असें त्यांचें म्हणणें. नोकरवर्गाविषयींचा द्वेष पेटवून तोच सरकारापर्यंत पोंचेल अशी भाषा वापराल तर अपराधी. संयमाची भाषा वापराल तर नाहीं. म्हणजे तर्कशास्त्रांतला भेद एकटा पुरेसा पडला नाहीं. त्या भेदाला साजेशी भाषा सबंध भाषणभर सांभाळली गेली म्हणून तो टिकला. पुष्कळ लेखक आरंभीं एक सावध वाक्य लिहून ठेवतात, आणि पुढें दहा पानें त्या वाक्याला विसरून जातात. असलें वाक्य ढाल होत नाहीं. उलट दारावर लावलेल्या खोट्या पाटीसारखें तें वाचकाला अधिकच संशयी करतें.

येथें कोणी विचारील कीं, १९०८ सालीं शिक्षा आणि १९१६ सालीं सुटका, हा फरक काय केवळ बांधणीनें पडला? तसें म्हणणें भोळेपणाचें होईल. १९०८ सालीं विषय बाँबचा होता, १९१६ सालीं कायदा बदलण्याचा. तेव्हां निर्णय ज्यूरीच्या हातीं होता, आतां दोन न्यायाधीशांच्या. काळ बदलला होता आणि वकीलहि निष्णात होता. शिवाय १९०८ च्या लेखांतहि बुद्धीचें तेज कमी नव्हतें. चांगला युक्तिवाद नेहमीं जिंकतोच असें इतिहास सांगत नाहीं. सॉक्रेटिसाचें भाषण उत्तम असूनहि अथेन्सच्या न्यायसभेनें त्याला विषाचा प्याला दिला. मग बांधणीचा उपयोग काय? उपयोग एवढाच, पण तो थोडा नाहीं: प्रामाणिक वाचक भेटला तर त्याला न्याय करण्याची संधि मिळते. न्या. बॅचलर कितीहि शांतपणें वाचावयास बसले असते, तरी भाषणांत एकसूत्र नसतें तर त्यांना तें सांपडलें कोठून असतें? समग्र वाचनाचा आग्रह धरण्याचा हक्क त्यालाच, ज्यानें समग्र असें कांहीं लिहिलें आहे.

आपणांपैकीं फारच थोड्यांवर राजद्रोहाचा खटला होण्याचा प्रसंग येतो. पण पटवून देण्याचा प्रसंग रोज येतो. नगरपालिकेला पाण्याच्या नळासाठीं अर्ज करावयाचा असतो, शाळेच्या चालकांना फी कमी करण्याविषयीं पत्र लिहावयाचें असतें, वर्तमानपत्राला आपलें मत कळवावयाचें असतें, किंवा घरांतल्याच वडील माणसाला मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठीं चार ओळींचें पत्र घालावयाचें असतें. अशा वेळीं आपण बहुधा करतों काय? तक्रारीनें आरंभ करतों, आठवतील तीं सर्व कारणें ओळीनें मांडतों, मध्येंच कोणाच्या तरी हेतूवर घसरतों, आणि शेवटीं 'योग्य तें करावें' असें लिहून सही करतों. वाचणाऱ्याला आपला राग कळतो; मागणी कळत नाहीं.

नगरच्या व्याख्यानांवरून शिकावयाचें तर क्रम असा राहील. कागद पुढें ओढण्यापूर्वीं शेवटचें वाक्य मनांत ठरवावें: वाचणाऱ्यानें नेमकें काय करावें? तें ठरलें कीं आरंभीं तोच प्रश्न लहान करून मांडावा, आणि आपलें म्हणणें काय नाहीं तेंहि सांगावें. ज्या शब्दावर सारा वाद फिरणार आहे त्याचा अर्थ तेथेंच बांधून घ्यावा. दाखला वाचणाऱ्याच्या गांवचा, त्याच्या पाहण्यांतला द्यावा. त्याच्या मनांत येणारा सर्वांत वजनदार आक्षेप त्याच्या आधीं आपणच बोलून दाखवावा, आणि त्याला उत्तर देतांना त्याच्या हेतूला हात लावूं नये. कारणें कितीहि असोत, प्रत्येक कारण मूळ प्रश्नावर परत आणून सोडावें. आणि लिहून झाल्यावर आपल्या शत्रूच्या डोळ्यांनीं एकदां वाचावें. जें वाक्य तो कापून घेऊन निराळें दाखवूं शकेल, तें नीट पारखून घ्यावें. न्यायाधीशांनीं माफ केलेलीं तीं हरकतीचीं वाक्यें टिळकांसारख्याच्या भाषणांतहि राहून गेलीं होतीं. आपल्या लेखांत तीं किती असतील!

या शेवटच्या सूचनेला आज अधिक अर्थ आला आहे. पूर्वीं एखाद्याचें वाक्य कापून घेण्यासाठीं सरकारला लघुलेखक बसवावा लागे, भाषांतरकार नेमावा लागे. आतां तें काम कोणालाहि क्षणांत करतां येतें, आणि कापलेला तुकडा मूळ लेखाच्या आधीं घरोघर पोंचतो. अशा काळांत लेखकाची जबाबदारी जितकी, तितकीच वाचकाचीहि. दुसऱ्यानें कापून दिलेलें एक वाक्य वाचून संतापण्यापूर्वीं, तें ज्या लेखांतलें आहे त्याचा आरंभ आणि शेवट आपण पाहिला आहे काय, एवढें स्वतःला विचारावें. १९१६ सालीं परक्या राजवटीच्या एका न्यायाधीशानें, ज्याचें राजकारण त्याला रुचण्याचें कांहीं कारण नव्हतें अशा माणसाचीं भाषणें अनेकदां, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीं. आपल्याच माणसांच्या लिहिण्याला आपण निदान एक वाचन तरी देऊं शकूं.

नगरच्या किल्ल्याला मजबुती आली ती एखाद्या भल्या मोठ्या दगडामुळें नव्हे. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला धरून बसला आहे, म्हणून तट उभा आहे. टिळकांचीं तीं दोन व्याख्यानें त्याच गांवांत झालीं, आणि तींहि उभीं राहिलीं तीं त्याच रीतीनें.